शंभरानंतरचे अठ्ठावीस बिट

बिटमॅपच्या (म्हणजे ०-१ नोंदींच्या ओळीच्या) एखाद्या हेल्पर फंक्शनमधला बदल रिव्ह्यूला आला की मी हातातली बाकीची कामं बाजूला ठेवतो. बदल दिसायला एवढासा असतो. चार ओळी गेल्या, दोन आल्या. नवा कोड जुन्यापेक्षा नेटका दिसतो, टेस्ट पास झालेल्या असतात आणि चहा होईपर्यंत होकार येईल अशी पाठवणाऱ्याची अपेक्षा असते. मला मात्र अशा पॅचला, म्हणजे पाठवलेल्या बदलाला, पाचशे ओळींच्या पॅचहून जास्त वेळ लागतो, आणि तो लागावाच असं माझं मत आहे. नवं फीचर बिघडलं तर ते एक फीचर बिघडतं. बिटमॅपचं फंक्शन बिघडलं तर काय काय बिघडेल ते डिफ (बदललेल्या ओळींची यादी) बघून कळत नाही, कारण ज्यांचं बिघडणार त्या फाइली डिफमध्ये नसतातच.

मी पुण्यात स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. या धंद्यात बिटमॅपवाचून पान हलत नाही. डिस्कवरचा कुठला ब्लॉक भरलेला, कुठला मोकळा, याची नोंद ठेवायला ब्लॉकमागे एक बिट पुरतो: १ म्हणजे वापरात, ० म्हणजे मोकळा. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिममध्ये डिस्कचे गट पाडलेले असतात आणि एका गटाची ही सगळी नोंद एका ब्लॉकमध्ये मावते. ब्लॉक ४ केबीचा असला तर त्यात ३२,७६८ बिट बसतात, म्हणजे तेवढ्या ब्लॉकांचा हिशेब, म्हणजे १२८ एमबी. त्या चार केबीत एक बिट चुकून ० झाला, की फाइल सिस्टिम तो ब्लॉक मोकळा समजून दुसऱ्या फाइलला देऊन टाकते आणि कुणाच्या तरी जुन्या फाइलच्या मधोमध परका मजकूर जाऊन बसतो. त्या क्षणी कसलाच आरडाओरडा होत नाही. तो माणूस पुढे कधीतरी ती फाइल उघडतो, तेव्हा कळतं. तोवर बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत गेलेली असू शकते. म्हणून या फंक्शनांबद्दल मला इतकी आच आहे.

आता, प्रोसेसर एकेक बिट सुटा उचलत नाही. तो एका वेळी ६४ बिटांचा वर्ड उचलतो. १०० बिटांचा बिटमॅप हवा असेल तर दोन वर्ड घ्यावे लागतात, म्हणजे १२८ बिट. शंभर आपले. मग उरलेले अठ्ठावीस कुणाचे?

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बिटमॅपच्या फाइलमध्ये, सुरुवातीच्या कॉमेंटमध्येच, याचं उत्तर लिहून ठेवलंय. शेवटच्या वर्डमधल्या न वापरलेल्या बिटांत काय आहे याची फिकीर करायची नाही. ते शून्य राहावेत म्हणून खास खटपट होणार नाही; मात्र त्यांच्यामुळे कुठलंही उत्तर बदलणार नाही एवढी काळजी घेतली जाईल. बिटमॅप रिकामा आहे का, त्यात किती बिट १ आहेत, असं विचारणारी फंक्शनं हे उरलेले बिट आधी गाळतात आणि मग उत्तर देतात.

हिशेबाच्या वहीत पानाच्या तळाशी ओळी उरल्या तर त्यांवर तिरकी रेघ मारायची पद्धत होती, मागाहून कुणी तिथे आकडा घुसवू नये म्हणून. कर्नलचा नियम रेघ मारत नाही. बेरीज करणाऱ्याने त्या ओळी सोडून बेरीज करावी, एवढंच सांगतो. एक्स्ट४ मात्र रेघ मारतं. डिस्कचा शेवटचा गट अपुरा भरला तर त्याच्या नोंदीतले पुढचे सगळे बिट ते १ करून ठेवतं, म्हणजे जो ब्लॉक डिस्कवर मुळातच नाही तो कुणाला मोकळा दिसू नये. एकाच कर्नलमध्ये एकीकडे ‘काहीही असो’ आणि दुसरीकडे ‘१ च असला पाहिजे’. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. एका रीतीने भरलेला बिटमॅप दुसऱ्या रीतीच्या कोडच्या हातात पडतो, तेव्हा खरी पंचाईत होते.

उरलेले बिट गाळायचे कसे, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. शेवटच्या वर्डसाठी एक मास्क लागतो, म्हणजे हवे ते बिट ठेवून बाकीचे गाळणारा बिटांचा साचा. शंभरासाठी त्यात खालचे ३६ बिट १ हवेत, वरचे २८ बिट ०. पटकन सुचणारी रीत अशी: शंभराला ६४ ने भागून बाकी ३६ काढा, १ हा आकडा ३६ घरं डावीकडे सरकवा, त्यातून १ वजा करा. उत्तर बरोबर येतं. आता बिटमॅप १२८ बिटांचा घ्या. बाकी शून्य. १ जागचा हलला नाही, त्यातून १ गेला, मास्क शून्य. काठोकाठ भरलेला शेवटचा वर्ड अख्खाच्या अख्खा गाळला गेला.

मग कुणीतरी म्हणतं, बाकी शून्य आली तर ६४ घरं सरकवू. पण ६४ बिटांचा आकडा ६४ घरं सरकवण्याला सी भाषेत अर्थच नेमून दिलेला नाही. इंटेलचा प्रोसेसर ‘किती घरं’ या आकड्याचे फक्त खालचे सहा बिट बघतो. त्याला ६४ म्हणजे ० दिसतो, तो काहीच सरकवत नाही आणि मास्क पुन्हा शून्य. ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर हाच प्रकार ३२ घरांनी केला तर सगळे बिट बाहेर पडतात, ० उरतो, त्यातून १ वजा केला की सगळे बिट १. म्हणजे अगदी हवं ते उत्तर. तीच ओळ एका मशीनवर बरोबर, दुसऱ्यावर चूक, आणि कंपायलरने आकडेमोड आधीच उरकून टाकली तर तिसरंच काही. ज्याने फक्त एआरएमच्या बोर्डवर टेस्ट चालवली, त्याच्या स्क्रीनवर सगळं हिरवं.

कर्नलमध्ये आज जी ओळ आहे ती उलट्या बाजूने जाते. सगळे बिट १ असलेला वर्ड घ्यायचा आणि उजवीकडे सरकवायचा. किती घरं? बिटांच्या संख्येची उणे किंमत घ्यायची आणि तिचे खालचे सहा बिट ठेवायचे. शंभराला २८ येतात, १२८ ला ०. भागाकार नाही, जर-तर नाही, आणि ६४ घरं सरकवायची वेळच येत नाही. इतकी देखणी ओळ मी फार थोडी पाहिलीय. नव्या मुलांना मी ती फळ्यावर लिहून हाताने सोडवायला लावतो. त्यातल्या एखाद्याने शून्य घालून पाहिलं की मला मनापासून आनंद होतो. उणे शून्य म्हणजे शून्यच, म्हणून काहीच सरकत नाही आणि मास्क संपूर्ण १ येतो. ज्या बिटमॅपमध्ये एकही बिट नाही, त्याचे चौसष्टच्या चौसष्ट बिट खरे धरले जातात. ओळीत दोष नाही. शून्य घेऊन तिच्याकडे यायचं नाही, असं ती गृहीत धरते. तेव्हा रिव्ह्यू करणाऱ्याचं काम ओळ तपासून संपत नाही. कुणी कधी शून्य घेऊन येतं का, हे त्याला शोधावं लागतं.

२०१८ साली कर्नलमध्ये झालेला एक बदल मी यासाठी पुन्हापुन्हा वाचतो. बिटमॅप_झीरो हे फंक्शन सगळे बिट शून्य करतं आणि ते करताना पूर्ण वर्ड पुसून टाकतं, उरलेल्या बिटांसकट. त्याचं भावंड बिटमॅप_फिल सगळे बिट १ करतं. पण तेव्हा ते शेवटच्या वर्डमध्ये मास्क लावून मोजकेच बिट १ करायचं, उरलेले शून्य ठेवायचं. दोघांचं वागणं वेगळं. बदल असा की फिलनेही झीरोसारखंच वागावं: पूर्ण वर्ड भरून टाकावेत, मास्क नाही. कोड छोटा झाला. जुन्या कोडमध्ये आणखी एक खड्डा होता, तोही बुजला. जुना कोड ‘शेवटचा सोडून बाकीचे वर्ड’ आधी भरायचा. संख्या शून्य असली तर वर्डही शून्य, शून्यातून एक वजा, आणि लांबी अनसाइन्ड (उणे आकडा न ठेवणारी) असल्यामुळे उणे एक न होता एक राक्षसी आकडा. तेवढी मेमरी १ ने भरत सुटायचं.

त्या बदलासोबतचा मजकूर मला आदर्श वाटतो. यामुळे काही ठिकाणचे दडलेले बग उघडे पडू शकतात, आणि ज्यांना मोजकेच बिट १ करून हवेत त्यांनी बिटमॅप_सेट वापरावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बदल करणाऱ्याला आपण कुणाच्या पायाखालची जमीन हलवतोय याची जाणीव होती आणि ती त्याने पुढच्यांसाठी नोंदवून ठेवली.

त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, याच उरलेल्या बिटांनी पुन्हा डोकं वर काढलं. मशीनवरच्या सीपीयूंची नोंदही कर्नल बिटमॅपमध्येच ठेवतो. समजा कर्नल ६४ सीपीयूंपर्यंतच्या तयारीने बांधलाय आणि मशीनवर आहेत आठ, क्रमांक ० ते ७. शोधताना आठची मर्यादा प्रत्येक वेळी मेमरीतून वाचण्यापेक्षा ६४ हा कायमचा आकडा वापरला तर कोड वेगवान होतो. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी तशी सुधारणा पुन्हा आणली. पण मग ‘पुढचा सीपीयू शोध’ म्हटल्यावर काहीच सापडलं नाही तर उत्तर ८ येत नाही, ६४ येतं. नियम लिहिलेला होताच: उत्तर ८ किंवा त्याहून मोठं असेल तर संपलं समजा. काही ड्रायव्हरांनी मात्र ‘बरोबर ८ आहे का’ एवढंच तपासलं होतं. अशांना ६४ मिळाल्यावर ते ६४ क्रमांकाच्या, नसलेल्या सीपीयूचं काम करायला निघाले. त्यांची ती ओळ आजवर चालत आली होती, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.

त्याच सुधारणेत ‘सगळे सीपीयू १ कर’ या फंक्शनमध्ये फिलच्या जागी सेट घातलं गेलं, कारण फिल आता वरचे बिटही १ करत होतं. तेव्हा एका रिव्ह्यू करणाऱ्याने दाखवून दिलं, की सेट मोजकेच बिट १ करतं हे खरं, पण वरचे बिट ते शून्य करत नाही. तिथे आधी जो कचरा असेल तो तसाच राहतो. मग त्या फंक्शनपुरता शेवटच्या वर्डचा मास्क हाताने लावला गेला. बिटमॅप_फिललाच का दुरुस्त केलं नाही? ते इतर अनेक ठिकाणी वापरलं जातं आणि सीपीयूंच्या कामापायी बाकीच्यांना धक्का लागू नये, म्हणून. ज्याच्या हातात अख्खा कर्नल आहे तो माणूससुद्धा एका मास्कसाठी इतका जपून पाऊल टाकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आमच्याकडचं. टीममधल्या एका तरुण इंजिनिअरने आमच्या उत्पादनातल्या फिलच्या फंक्शनसाठी अगदी २०१८ सारखाच पॅच पाठवला. मास्कची ओळ काढली, एका मेमसेटमध्ये (मेमरीचा तुकडा एकाच आकड्याने भरणारं फंक्शन) सगळं. तिचं कारण वेगाचं होतं.

“लिनक्समध्येही असंच आहे,” ती म्हणाली. “आणि टेस्ट सगळ्या पास आहेत. तुम्ही बघाल का एकदा?”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी म्हटलं, आधी टेस्ट काय विचारतात ते बघू. टेस्ट शून्यांनी भरलेली मेमरी घेत होती, तिच्यावर फिल चालवत होती आणि मग किती बिट १ आहेत ते मोजून १०० येतात का पाहत होती. आणि मोजणारं फंक्शन तर उरलेले बिट गाळूनच मोजतं. जुन्या कोडने १०० आले, नव्या कोडनेही १००. जिथे बदल झाला होता नेमकी तीच जागा टेस्टला दिसत नव्हती. तिने स्वतःच टेस्टमध्ये मेमरी आधी ५ए या ०-१ मिसळलेल्या नमुन्याने भरून घेतली आणि फिल झाल्यावर दोन्ही वर्ड कच्चे, हेक्स अंकांत छापले; त्यातला एक अंक म्हणजे चार बिट, आणि एफ म्हणजे चारही १. जुन्या कोडच्या दुसऱ्या वर्डमध्ये वर सात शून्यं आणि खाली नऊ एफ. नव्या कोडमध्ये सोळाच्या सोळा एफ. पडद्यावर ते सात अंक एकाखाली एक दिसल्यावर मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

मग आम्ही कॉलर, म्हणजे हे फंक्शन वापरणाऱ्या जागा, शोधायला बसलो. हे काम कंटाळवाणं असतं आणि त्याला पर्याय नाही. बहुतेक जागा निर्धोक होत्या: फिल करायचं, एकेक बिट शून्य करत जायचं, शेवटी रिकामा झाला का विचारायचं. तिथे उरलेल्या बिटांत काहीही असो. एका ठिकाणी मात्र ती थांबली. डेटाच्या दोन प्रती दोन मशीनवर असतात आणि कुठले भाग अजून जुळवायचे आहेत याचा बिटमॅप दोघींकडे असतो. दोन्ही बिटमॅप सारखे आहेत का हे पाहायला तो कोड बिटमॅपचा चेकसम (सगळ्या बिटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढत होता, आणि चेकसम काढताना पूर्ण वर्ड घेत होता. जुन्या फिलने शेपटी, म्हणजे उरलेले बिट, शून्य ठेवली होती, म्हणून चेकसम जुळत होते. नव्या फिलनेही जुळले असते, दोन्ही मशीनवर नवी आवृत्ती असती तर. पण ग्राहक आधी एक मशीन अपग्रेड करतो, मग दुसरं. मधल्या वेळेत एकीकडे शून्यं, दुसरीकडे एफ. बिटमॅप सारखेच, तरी चेकसम जुळणार नाही, आणि दोन्ही मशीन सगळा डेटा पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेणार. आमच्या टेस्टच्या मशीनवर हे कधीच दिसलं नसतं, तिथे दोन्ही बाजू एकदमच अपग्रेड होतात.

“पण मग चूक त्या कोडची झाली ना?” तिने विचारलं. “शेपटीवर विसंबायचं नाही हे लिहिलेलंच आहे की.”

प्रश्न योग्य होता आणि नियमाने ती बरोबर होती. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. फंक्शन बरीच वर्षं एकाच तऱ्हेने वागलं की लोक कॉमेंट वाचत नाहीत, वागणं वाचतात. चेकसमचा कोड लिहिणाऱ्याने शेपटी नेहमी शून्य पाहिली आणि ती तशीच असते असं धरलं. त्याने कॉमेंट वाचायला हवी होती, यात वाद नाही. पण आज बदल आपण करतोय. ज्याच्या कोडला झळ बसणार तो आज इथे नाही. त्याची बाजू या रिव्ह्यूमध्ये मांडणार कोण? ती मांडणं हे मी रिव्ह्यू करणाऱ्याचं पहिलं काम समजतो. कोड नीट मांडलाय का, नावं बरी आहेत का, हे त्यानंतर. कर्नलच्या नियमावलीत ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून आपलं नाव देण्याचा अर्थ सविस्तर लिहिलाय: बदल करण्याजोगा आहे आणि तो घेऊ नये असं वाटायला लावणारी कुठलीही अडचण माहीत नाही, असं आपण सांगत असतो. माहीत करून घ्यायला उठलोच नाही आणि नाव देऊन मोकळे झालो, तर त्या नावाला काय किंमत?

वेगाचाही हिशेब आम्ही केला. संख्या कंपाइल करतानाच ठाऊक असेल तर मास्कही तेव्हाच ठरतो, चालताना त्याचा खर्च शून्य. ठाऊक नसेल तर उणे, अँड आणि सरकवणं, अशा तीन सूचना. मेमसेटला नुसती हाक मारायचाच खर्च त्याहून जास्त. मास्क काढून वाचत होत्या त्या या तीनच सूचना. दर सेकंदाला लाखो वेळा चालणारी जागा असती तर मी वेगळा विचार केला असता; ही तशी नव्हती.

शून्याचा प्रश्नही तिनेच काढला, मला आठवण करावी लागली नाही. आमच्या जुन्या कोडमध्येही ‘शेवटचा सोडून बाकीचे’ होतं आणि शून्य आकाराची व्हॉल्यूम बनवू पाहणारी विनंती वरच अडवली जाते, म्हणून आजवर निभावलं होतं.

तिने दुसरा पॅच पाठवला. त्यात मास्क राहिला, शून्यासाठी सुरुवातीलाच परत फिरणारी एक ओळ आली, आणि टेस्टमध्ये ०, १, ६३, ६४, ६५, १०० आणि १२८ या संख्या, प्रत्येक वेळी मेमरी आधी ५ए ने भरून. फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये शेपटी शून्य राहील असं वचन आलं, जे आधी कुठेच नव्हतं. मला ते हवंच होतं. कर्नलमध्ये कॉपी करताना शेपटी पुसणारं एक निराळं फंक्शन आहे आणि तसं करतो हे ते नावातच सांगतं, त्याचा दाखला तिने कमिटच्या मजकुरात दिला. कॉलरांपैकी कुठले तपासले आणि कुठे काय आढळलं, तेही लिहिलं. पॅच कोडच्या ओळींत पहिल्यापेक्षा मोठा झाला, आणि मजकूर कोडहून मोठा.

मी त्याला होकार दिला. चेकसमचा कोड त्या पॅचमध्ये नाही. तो शेपटी गाळूनच चेकसम काढेल असा बदल वेगळा यावा आणि ज्या टीमचा तो कोड आहे तिनेच तो तपासावा, असं आम्ही त्यांना कळवलंय. जुन्या आवृत्तीच्या मशीनशी चेकसम जुळता राहील याची टेस्ट त्यात हवी, एवढी एकच अट मी घातलीय.